मागाच्या आवाराच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

जागेची पहिली पाहणी. पाऊस बेळगावचा: छत्री उघडली की थांबतो, मिटली की येतो. शहापूरच्या मागच्या अंगाला दोन एकर दहा गुंठे. पत्र्याच्या सात शेड, पाच बंद. उरलेल्या दोघींत मिळून चौदा यंत्रमाग अजून चालतात. मधे चिंच, चिंचेखाली जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर, वर गंजकी जाळी.

ट्रस्टला इथं सांस्कृतिक संकुल करायचंय. मोठ्या शेडमध्ये २४० खुर्च्यांचं नाट्यगृह, रस्त्याकडेला दुकानं, वर राहती घरं आणि गाण्याचे क्लास, आणि पाहुण्यांना बघायला चालू माग. इमारतींचं काम दुसऱ्यांकडे आहे. आम्ही बघायचं ते एवढंच, की माणसं कुठून येतील, कुठं थांबतील, कुठं अडकतील आणि त्यांना परत यावंसं वाटेल की नाही.

बंगळूरच्या सल्लागारांचा आराखडा हातात आला. मोठ्या रस्त्यावर एकच गेट, तिथं तिकीट, मग गोल फेरी आणि दुकानांमधून बाहेर. बाकी सगळीकडून कंपाउंड. मॉलच आहे, नाव तेवढं संस्कृतीचं. राहती घरं त्यांनी नेमकी चालू मागांच्या डोक्यावर दाखवलीत. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, तो कागदावर ऐकू येत नाही.

ट्रस्टच्या पत्रात 'उपेक्षित भागाला ओळख मिळवून देणे' असं वाक्य आहे. शहापूरला ओळख? १९४८पर्यंत हे सांगली संस्थानचं, आणि खेटून असलेलं बेळगाव इंग्रजांचं. तेव्हापासून याची पेठ वेगळी, मिजासही वेगळी. साडीसाठी कोल्हापूर, चंदगड, गोव्याकडची माणसं विचारत विचारत इथं येतात. ओळख भरपूर आहे, आल्यावर बसायला जागा नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

काल पहिली मोजणी झाली. आर्किटेक्चरची दोन पोरं आणि मी. जागा तीन: मोठं गेट, पूर्वेच्या बोळाचं तोंड आणि मागच्या भिंतीतलं भगदाड. सकाळी सात ते रात्री नऊ, दर तासाला पंधरा मिनिटं टॅली मारायची. बायका, पुरुष, पोरं, म्हातारे वेगळे. हातात ओझं असलं तर वेगळी खूण.

भगदाड म्हणजे कधीतरी पडलेल्या भिंतीची जेमतेम सव्वा मीटर वाट. दिवसभरात तिथून तुरळक माणसं. आज अहवालात लिहिलं, 'मागची वाट नगण्य वापरात, बंद करण्यास हरकत नाही'. ट्रस्टला मेल केला.

२० ऑगस्ट, मंगळवार

तोंडावर पडलो.

मापं राहिली होती म्हणून सकाळी आठला गेलो, तर भगदाडातून रांग लागलेली. शाळेची पोरं, डबेवाल्या बायका, दुधाची किटली घेतलेला एक म्हातारा. एक मावशी कमरेवर पाटी घेऊन आल्या, पाटीत कांड्या (मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या) रचलेल्या, जांभळ्या आणि मोरपंखी. भगदाडाच्या वरून एक पाईप आडवा गेलाय. त्याच्याखाली येताना त्यांनी मान खाली घातली नाही, गुडघे वाकवले. पाटी जराही कलली नाही. रोजची सवय.

विचारलं, मावशी, गेल्या मंगळवारी कुणीच नव्हतं की इथं?

"गेल्या मंगळवारी लाईट कुठं होती? माग बंद. माग बंद तर कांडी कुणाला देऊ? घरात बसून गहू निवडलो की."

लाईन दुरुस्तीसाठी नऊ ते पाच वीज बंद, हे आदल्या दिवशीच्या पेपरात होतं. पेपर मी रोज वाचतो, पण हे येतं मागच्या पानावर, कोपऱ्यात. आणि पोरांच्या शाळेलाही त्या दिवशी १५ ऑगस्टच्या तालमीमुळे वेगळी वेळ होती. म्हणजे मी मोजला तो दिवस या आवाराचा नव्हताच.

दुपारी ट्रस्टला दुसरा मेल, 'आधीचा अहवाल रद्द समजावा'. उत्तरात फक्त एक अंगठा आला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा मोजणी, वीज असलेल्या दिवशी. सकाळी आठ ते सव्वाआठ या पंधरा मिनिटांत भगदाडातून ५३ माणसं, मोठ्या गेटातून १९. संध्याकाळी साडेपाचनंतर उलट दिशेनं तसंच. जिला नगण्य म्हटलं तीच इथली मुख्य वाट.

कारण साधं आहे. आवाराच्या मागची घरं आणि पुढचा बाजार यांच्यामधे ही दोन एकर आडवी पडलीत. बाहेरून वळसा घालायला पायी सात मिनिटं, आतून दोन. कांड्या भरणाऱ्या बायका दिवसातून तीन-चार वेळा येतात. कंपाउंड घातलं तर प्रत्येकीच्या दिवसात अर्धा तास चालणं वाढलं, डोक्यावर किंवा कमरेवर ओझं घेऊन.

एका पोरानं नकाशावर प्रत्येकाच्या चालीची रेघ काढली. भगदाड, विहीर, चिंच, मग जरा डावीकडे झुकून गेट. मातीत उमटलेली पायवाटही हुबेहूब तशीच आहे. सल्लागारांच्या नकाशात या वाटेवर बरोबर मधोमध तिकिटाची खिडकी आलीय.

१८ सप्टेंबर, बुधवार

रात्रभर विसर्जनाच्या मिरवणुकीत. काल अनंत चतुर्दशी, पण आपल्याकडे कपिलेश्वर तलावावरचे शेवटचे गणपती दुसऱ्या दिवशीच जातात. हेही काम म्हणूनच केलं, घरी तसंच सांगून निघालो.

मोजायचं होतं ते गर्दी दाटते कशी. चौरस मीटरमध्ये दोन माणसं असली तर आपली आपण चालतात. चारच्या पुढं गेली की चालणं आपल्या हातात राहत नाही, ढकललं जातं. ढोलपथक थांबलं की पुढचे थांबतात, मागच्यांना कळत नाही, ते येतच राहतात. अशा वेळी माणसं काय करतात? कडेला जिथं खाच सापडेल तिथं शिरतात. दुकानाची पायरी, दोन घरांतली फट, बंद शटरपुढची फूटभर जागा. एका जुन्या घराच्या कट्ट्यावर आजी, सुना, तान्ही पोरं मिळून अकरा जण उभे होते, पुढून लोंढा जात होता आणि त्यांना धक्काही नव्हता.

आमच्या आराखड्यात दुकानांची दर्शनी रेघ एकसारखी सरळ आहे, काचेची. खाच नाही, पायरी नाही, कट्टा नाही. नकाशात फार नीटस दिसतं.

सकाळी सहाला चहा. आवाज बसलाय.

९ ऑक्टोबर, बुधवार

ट्रस्टबरोबर बैठक. सल्लागार पडद्यावर बंगळूरहून.

तिकिटावरून जुंपली. त्यांचं म्हणणं, वाट खुली ठेवली तर आलेला पाहुणा किती आणि नुसता जाणारा किती हे कळणार कसं? मी म्हटलं, कळायची गरज नाट्यगृहाच्या दारात आहे, आवाराच्या दारात नाही. पाहुणा येतो तो काहीतरी चालू असलेलं बघायला. सकाळी आठ वाजता इथं जे चालू असतं ते या बायकांमुळेच. त्यांना बाहेर काढून पाहुण्याला काय दाखवणार, पत्रा?

एक ट्रस्टी, सगळे त्यांना सावकार म्हणतात, इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "माझी आई त्याच भगदाडातनं जात होती. तेव्हा भिंत पडली नव्हती, तिथं दार होतं."

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे भगदाड हे दारच होतं, भिंत मागाहून घातली आणि मग पडली. बैठकीनंतर भिंतीची चौकट खरवडून बघितली. उंबऱ्याचा दगड अजून जागेवर आहे, मधोमध झिजलेला.

नावाचाही विषय निघाला. 'द लूम क्वार्टर'. मी काही बोललो नाही. गल्लीतली माणसं 'चिंचेचं आवार' म्हणतात, आणि रिक्षावाल्याला तेच कळतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

नाट्यगृह सुटतानाचं गणित. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेच्या नियमावलीत सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं धरतात, पायऱ्यांवरून ६६. नाटक सुटल्यावर २४०पैकी निम्मी माणसं मागच्या वाटेनं गेली असं धरलं, तर सव्वा मीटरच्या भगदाडातून मिनिटाला शंभर, म्हणजे सव्वा मिनिटात सगळे बाहेर. फारच छान. फक्त बाहेरच्या बोळात गटारीची फरशी उचकटलेली आहे आणि भिंतीला लागून स्कूटर. मोकळी रुंदी मोजली तर नव्वद सेंटिमीटर. गळा आमच्या हद्दीबाहेर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या सूचनांत फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय, इथं त्याच्या निम्मी.

आपण आतली वाट रुंद करायची आणि गर्दी नेऊन बोळात सोडायची, हे फनेल उलटं धरल्यासारखं. फरशी आणि स्कूटर यांचं आधी. वॉर्डातल्या मंडळींशी बोलायचं.

अपंगांसाठी उताराचंही आजच: शेडचा जोता ६० सेंटिमीटर, एकास बारा या हिशोबानं ७.२ मीटर लांबीचा रॅम्प. सल्लागारांनी साडेतीन मीटर दाखवलाय. तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणी नाही. दिवाळी, आणि त्यातच १ नोव्हेंबर. तिकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, इकडं मराठी माणसांचा काळा दिन. या तारखेचा आकडा बेळगावात दुसऱ्या कुठल्याच दिवसाला लागू होत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

तुळशीची लग्नं लागली आणि बस्ते सुरू झाले. आज दिवसभर एका बस्त्याच्या मागे. (त्यांना सांगून. मुलाच्या मामांना आधी मी दुकानाचा दलाल वाटलो.)

चंदगडकडून ट्रॅक्स भरून १९ माणसं आली, सकाळी पावणेअकराला. नवरी, तिची आई, दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, काकू आत गादीवर. साड्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला तरी 'जरा काठ मोठा दाखवा की'. पुरुषांचं आत काम नाही. पैसे द्यायला शेवटी लागतात, तोवर बाहेर. सात पुरुष आणि चार पोरं साडेपाच तास रस्त्यावर. पहिला तास दुकानाच्या पायरीवर, मग दुकानदारानं गिऱ्हाईक अडतंय म्हणून उठवलं. मग गाडीत, मग एका बंद शटरपुढं उकिडवे. पोरं दोनदा रस्त्यात धावली. एका आजोबांनी तीनदा विचारलं, "पाणी कुठं मिळंल?" बायकांना लघवीला जायचं तर नवऱ्या मुलाच्या आत्येसासूचं घर अर्ध्या किलोमीटरवर, तिथं दोन खेपा झाल्या.

आमच्या कागदावर हा पाहुणा कुठंच नाही. तिथं आहे तो 'सांस्कृतिक पर्यटक', एकटा किंवा जोडीनं, हातात कॉफी, मुक्काम दीड तास. आणि इथं खरोखर येतो तो बस्ता: पंधरा-वीस जणांचा, पाच-सहा तासांचा, त्यातले निम्मे फक्त वाट बघणारे. या वाट बघणाऱ्यांना चिंचेखाली आणलं की आवार दुपारी भरलेलं राहील, एकही जाहिरात न करता.

आणखी एक बघितलं. दोनच्या सुमाराला त्यांतला एक तरुण, नवरीचा भाऊ असावा, खडखडाटाच्या दिशेनं चालत आला आणि चालू शेडच्या दारात उभा राहिला. आत विणकर काकांनी एकदा वर बघितलं. बोलून उपयोग नाही, काही ऐकू येत नाही. काकांनी तुटलेला ताण्याचा धागा चिमटीत धरून दाखवला, माग थांबवला, गाठ मारली, फणीतून ओढला, पुन्हा चालू. मग कपाटातून नवी कांडी काढून त्याच्या हातात दिली आणि धोट्याकडं बोट केलं. त्यानं ती उलटी घातली. काका हसले, सरळ केली. वीस मिनिटं झाली. पोरगा तिथून निघाला तेव्हा त्याच्या शर्टाला सूत लागलेलं होतं, बहिणीला जाऊन काहीतरी हातवारे करून सांगत होता.

नकाशात मागांपुढं काचेची भिंत आणि पलीकडं गॅलरी आहे. काच काढायची. अर्धं दार ठेवायचं, खालचा भाग बंद, वरचा उघडा, कोपर टेकवता येईल इतकं.

८ डिसेंबर, रविवार

खुर्च्यांचा प्रयोग. न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं की सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी तरी सरकवतो, कधी तर नुसती इंचभर. आम्ही मंडपवाल्याकडून वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणून सकाळी ओळीनं मांडल्या, विहिरीकडं तोंड करून. शोभिवंत.

दुपारपर्यंत ओळ मोडली. विहिरीकडं तोंड करून एकही जण बसला नाही, सगळ्या खुर्च्या वाटेकडं वळल्या. माणसाला बघायला माणूस लागतं. चार खुर्च्या भगदाडाजवळच्या उन्हात गेल्या, डिसेंबरची थंडी आहे. कांडीवाल्या मावशींनी एक ओढून तिच्यावर पाटी ठेवली, स्वतः उभ्याच.

संध्याकाळी मोजल्या तर एकोणीस. विसावी वॉचमनच्या खोलीत निघाली. "साहेब, ही इथंच बरी दिसतीय." भाडं आम्हीच भरलं. त्याला खुर्ची लागते हेही आराखड्यात नव्हतं.

उद्यापासून सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, दोन आठवडे शहरात लॉजवर खोली मिळायची नाही. बाहेरगावचे सल्लागार आपोआप येणार नाहीत.

२६ डिसेंबर, गुरुवार

१९२४च्या बेळगाव काँग्रेसची शताब्दी. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. शहरभर रोषणाई. रात्री सहकुटुंब बघायला निघालो आणि सवयीनं गर्दीच मोजत बसलो, घरच्यांनी बोलून घेतलं.

माणसं चालतात, कमान येते, आणि बरोबर कमानीखाली फोन वर करून थांबतात. मागचा रस्ता तुंबतो. कमान जिथं, गळा तिथं. आमच्या ट्रस्टला गेटावरच दिव्यांची कमान हवीय. ती निदान पंधरा मीटर आत, जिथं जागा फाकते तिथं नेली पाहिजे. फोटो काढायचे तितके काढू देत, वाट सोडून.

परतताना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून आलो. त्या वेळच्या पाहुण्यांच्या पाण्यासाठी खणलेली. आपल्या विहिरीतला गाळ काढायचा अंदाज अजून आलेला नाही, आठवण करायची. तोवर चिंचेखाली खानापूरचे दोन मोठे रांजण ठेवायचे. चंदगडच्या आजोबांसाठी.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

पाट्या. कर्नाटकाच्या २०२४च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे फलकाचा ६० टक्के भाग कन्नड हवा, तो वर. उरलेल्या चाळीसमध्ये मराठी आणि इंग्रजी. पाटी कशी असावी यावर आमच्या बैठकीत दीड तास गेला, पाटी कुठं असावी यावर पाच मिनिटं. बेळगावात हे असंच चालायचं.

शेवटी ठरलं की पाट्या मोजक्या, नियमाप्रमाणे. वाट दाखवायला जमीन वापरायची. मागच्या दारापासून गेटापर्यंत खडबडीत घडवलेल्या दगडाचा पट्टा, कडेला साडीच्या काठासारखी दोन रंगांची रेघ. गुळगुळीत शहाबादी नको, पावसात घसरते. कन्नड, मराठी, उर्दू, काही न वाचणारा, काठ सगळ्यांना कळतो. या गावात तरी.

३० जानेवारी, गुरुवार

गाडीवाले. गेटाबाहेर भेळ, वडापाव, उसाचा रस, फुलं. आराखड्यात त्यांच्या जागी झाडांच्या कुंड्या. २०१४च्या फेरीवाला कायद्याचं नाव काढल्यावर कुंड्या मागे सरकल्या. गाड्यांना गेटापासून सहा मीटर सोडून खडूनं चौकोन मारून दिले, आठवडाभर बघू. रसवाल्यानं पहिल्याच दिवशी चौकोन पुसून दोन फूट सावलीत घेतला. बरोबर घेतला, आम्हीच चुकलो होतो.

पार्किंगचा वादही उरकला. एका मोटारीला वळायच्या जागेसकट पंचवीस चौरस मीटर जातात, तेवढ्यात सात-आठ दुचाकी बसतात. इथं येणारा दुचाकीवरच येतो. मोटारी बाहेरच, बस्त्याच्या गाड्यांना तेवढी उतरायची जागा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेसातला फोन: "साहेब, भिंत घातली."

ठेकेदाराच्या माणसांनी काल सुट्टीच्या दिवशी जुना नकाशा बघून भगदाड बुजवलं. सिमेंटच्या विटा, छातीएवढ्या उंच. नवा नकाशा आम्ही पाठवला होता, पण जुना परत मागवला नव्हता. ते आमचं काम होतं.

पोचलो तर भिंतीच्या दोन्ही अंगांना दगड लावलेले, अलीकडं दोन, पलीकडं तीन. पोरं दप्तरं आधी टाकून वरून उड्या मारत होती. कांडीवाल्या मावशी पलीकडं उभ्या. पाटी भिंतीवर ठेवून अलीकडच्या पोराला म्हणत होत्या, "धर रे, कलवू नकोस." मग स्वतः वळसा घालून आल्या. सात मिनिटं, मी घड्याळ लावलं होतं.

सिमेंट अजून ओलंच होतं. दहापर्यंत भिंत उतरवली. विटा चांगल्या निघाल्या, बोळातली फरशी बसवायला उपयोगी येतील. जुना उंबरा उचलायचा नाही हे ठेकेदाराला लिहून दिलं. नवी वाट अडीच मीटर, उंबरा मधोमध तसाच, जमिनीला सपाट, वरचा पाईप काढून बाजूनं.

मावशींनी पाईप कुठं गेला म्हणून वर बघितलं आणि तरीही गुडघे वाकवूनच आत आल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उद्या सात वाजता पुन्हा मोजणी, तीन ठिकाणी. पेपरचं मागचं पान बघितलं. वीज आहे.